सूर्यास्त, सहा ते सहा दहा

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि सूर्य अजून बुडायचा होता. माझ्या हातातल्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं : दिवेआगर किनारा, सूर्यास्त दर्शन, सहा ते सहा दहा. खालच्या ओळीत : सहा दहाला प्रस्थान. आणि हा पठ्ठ्या समुद्राच्या वर चार बोटं लटकलेला.

“सहा दहा झाले, राऊतसाहेब,” पद्माकरशेठ म्हणाले. ते चपलांतली रेती झटकून तयारही झाले होते.

“हो ना. सूर्य लेट दिसून राह्यला,” मी म्हणालो.

हे वाक्य मी खरोखर बोललो, आणि बोलताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढं चाळीसेक किलोमीटरचा वळणांचा रस्ता होता, जास्त रात्र व्हायच्या आत मुक्कामी पोहोचायचं होतं. सूर्य लेट झाला म्हणून गाडी लेट करायची पद्धत आमच्यात नाही. मी शेठच्या बायकोकडे, कुसुमकाकूंकडे बघितलं. त्या पाण्याच्या काठाशी उभ्या होत्या, डाव्या हातानं पदर धरून.

“काकू, निघू या. अजून तीन संध्याकाळी हायेत.”

“अजून तर वर हाये ना भाऊ तो,” त्या म्हणाल्या. पण म्हणाल्या आणि वळल्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या घड्याळावर उठलेली बाई, लगेच वळली.

मी कोण ते आधी सांगतो. चौतीस वर्षं मी कारंज्याच्या बस डेपोत होतो, त्यातली शेवटची वीस वाहतूक नियंत्रक म्हणून. म्हणजे स्टँडवर जाळीच्या खिडकीमागं बसून माइकवर गाड्या पुकारणारा आणि ड्रायव्हरच्या कागदावर टाइम टाकून गाडी सोडणारा माणूस. लोकांना वाटतं, हा नुसता बसून असतो. बसून असतो हे खरं, पण त्याच्या डोक्यात एकाच वेळी पंधरा गाड्या धावत असतात. धनजची आली का, मानोऱ्याची कुठं अडकली, यात्रेच्या दिवशी पोहरादेवीला जादा किती सोडायच्या.

या कामात दोन शब्द महत्त्वाचे. एक, रनिंग टाइम. एका स्टँडवरून दुसऱ्या स्टँडला पोहोचायला कागदावर धरलेला वेळ. दुसरा, बिफोर टाइम. म्हणजे ठरलेल्या वेळेच्या आधीच गाडी सुटणं. तुम्हाला वाटेल, लवकर सुटली तर बिघडलं काय? आमच्याकडे तो उशिरापेक्षा मोठा गुन्हा. लेट गाडीचा प्रवासी शिव्या देतो, पण त्याला गाडी मिळते. बिफोर टाइम गाडीचा प्रवासी वेळेवर येतो आणि त्याला गाडीची नुसती धूळ दिसते. इंझोरीच्या फाट्यावर एकदा एक म्हातारी दवाखान्याची चिठ्ठी घेऊन अशी उभी राहिली होती. गाडी चार मिनिटं आधी निघून गेलेली. त्या ड्रायव्हरचा रिपोर्ट मी स्वतः केला होता आणि त्यानं हातापाया पडूनही मागं घेतला नव्हता.

रिटायर झालो आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. पहाटे साडेचारला डोळे उघडायचे. अंथरुणात पडल्या पडल्या हमरस्त्यावरच्या गाडीचा आवाज ओळखायचो, घड्याळ बघायचो आणि “सात मिनिटं लेट” असं म्हणायचो. आठ महिने बायकोनं ऐकून घेतलं. मग एक दिवस ती म्हणाली, “तुमी कुठी तरी जा बाप्पा. नाई तर लोकाईले तरी पाठवा.”

त्यातून माझा हा उद्योग निघाला. घराच्या फाटकावर पाटी लावली : ‘निवांत सहली. रिटायर्ड मंडळींसाठी, गाडीनं, आपल्या वेळेनं.’ ओळखीचा ड्रायव्हर होता, पोहरादेवीकडच्या तांड्यावरचा उत्तम चव्हाण. पूर्वी तो ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमध्ये घालून पार सांगली-कोल्हापूरपर्यंत न्यायचा. अर्धा महाराष्ट्र त्याला पाठ. गाडी त्याची, शेड्यूल माझं. चिखलदरा झालं, लोणार झालं. लोक खूष होते. एकच तक्रार यायची, की निवांत सहलीत फार धावपळ होते. मी ती मनावर घेतली नाही. गावं आठ बघायची असतील तर पाय उचलावेच लागतात.

मग पद्माकरशेठची ऑर्डर आली.

शेठचं बाजारात कापडाचं दुकान. दसऱ्याला त्यांनी मुलाच्या हाती किल्ल्या दिल्या. मुलानं आठ दिवसांत बसायची गादी काढून काचेचं काउंटर केलं. शेठ रोज नवाला दुकानासमोर जाऊन उभे राहायचे आणि मुलगा म्हणायचा, “बाबा, घरी आराम करा ना.” आराम कसा करायचा असतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्या बाबतीत आमची जोडी चांगली जमली. त्यांच्या ओसरीवर बसून दोघांनी मिळून सात दिवसांची सहल आखली. मी एक ठिकाण म्हणालो की ते म्हणायचे, “त्याच्या बाजूले काई असंनच ना?” असायचंच. मीही लगेच लिहून घ्यायचो. मोकळी जागा दिसली की माझा हात शिवशिवतो.

ही सहल खरं म्हणजे त्यांच्या पुण्यातल्या मुलीनं, स्मितानं ठरवली होती. फोनवर तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, दोघांचं जेवण सूर्यास्ताच्या आत व्हायला हवं. ते जैन, नियमाचे पक्के. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीही नाही. दुसरी गोष्ट सांगताना तिचा आवाज खाली आला. “आईला काचबिंदू आहे, काका. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्याची नजर कडेकडेनं कमी होतेय. डॉक्टर म्हणाले, जे आहे ते टिकवायचं. तिला काय बघायचं असेल ते नीट बघू दे.”

मी काकूंना विचारलं. शेठ आत फोनवर होते. काकूंनी आधी आत बघून घेतलं. मग म्हणाल्या, “मले जास्त काई नाई पाह्यचं. सूर्य समुद्रात बुडताना पाह्यचा हाये. पुरा. लग्न करून आली तशी सूर्यास्त काय असते ते म्या पाह्यलंच नाई. त्या टायमाले मी चुलीजवळ असतो. सासू-सासरे, दीर, लेकरं, दुकानातले मानसं, सारे जेवले पायजे सूर्य जायच्या आत. मी शेवटी. समोरच्या घराच्या भितीवरचं ऊन गेलं का माह्या हातातला घास खाली.”

“शेठला सांगितलं कधी?”

“त्याईले कायले सांगू? दुकानाचा टाइम असे तो.”

मी वहीत लिहून घेतलं. सात नंबर : सूर्यास्त. वेळ किती धरायची? शेठनी भिंतीवरचा तक्ता काढून दिला. मंदिरातून दरवर्षी मिळतो तसा, तारखेनुसार सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापलेला. कारंज्यातल्या त्या अरुंद गल्लीत सूर्य काही दिसत नाही, त्यामुळे ते घर सूर्यावर नव्हे, या तक्त्यावर चालतं. जानेवारीच्या त्या आठवड्यात सूर्यास्त सहाला. मी दहा मिनिटं दिली. एका सूर्यास्ताला दहा मिनिटं पुष्कळ झाली असं मला वाटलं.

तर पहिला मुक्काम पुण्यात मुलीकडे, आणि दुसऱ्या दिवशी ताम्हिणीचा घाट उतरून किनाऱ्यावरची ती पहिली संध्याकाळ. ती कशी गेली ते सांगितलंच. गाडीत काकू मागच्या काचेतून वळून बघत होत्या. झाडांमधून लाल काहीतरी दोनदा चमकलं आणि गाडी वळली.

दुसरी संध्याकाळ मी स्वतः घालवली. शेड्यूलमध्ये लिहिलं होतं : बंदर, पावणेपाच ते साडेपाच. बंदर म्हणजे होड्या, शिडं, गार वारा, असं माझ्या वऱ्हाडी डोक्यात चित्र. त्याच वेळी होड्या मासळी घेऊन परत येतात आणि वाळूवरच लिलाव लागतो, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही गाडीतून उतरलो ते थेट त्या गर्दीत. टोपल्याच टोपल्या, पायाखाली ओलं, बायकांच्या बोल्या चाललेल्या. ती माणसं आपल्या कामात होती, चूक शंभर टक्के आमची. मुंगीला पाय लागू नये म्हणून खाली बघून चालणारी काकूंसारखी बाई तिथं कुठं पाय ठेवणार? त्यांनी डोळे मिटले ते गाडीत बसेपर्यंत उघडले नाहीत. उलटी झाली. मुक्कामी पोहोचून त्या आडव्या पडल्या. जेवल्याही नाहीत.

शेठ ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. “उद्या किती पॉइंट हायेत?”

“सहा.”

“सातवा टाकता येईन का? आजचा एक कमी पडला.”

मी टाकला.

तिसऱ्या संध्याकाळी त्या सातव्या पॉइंटनं आम्हाला अर्धा तास मागं ओढलं. खाडी ओलांडायला फेरीबोट होती. गाडीसकट आपण बोटीवर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. सव्वासहाला आम्ही खाडीच्या मधोमध, आणि पश्चिमेला डोंगर. सूर्य समुद्रात बुडालाच नाही, डोंगरामागं गेला. पाणी एकदम काळं पडलं. काकू कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. डोंगर तिथंच होता.

उत्तम माझ्याजवळ येऊन उभा राहिला. तो गाडी चालवताना कमी बोलतो, पण सगळं बघतो.

“सायेब, एक विचारू का?”

“विचार.”

“आमी टोळी घेऊन जाचो त ट्रकमंदी लेकरं, भांडे, बकऱ्या, समदं असे. तरी बी एखाद्या तळ्यावर दोन घंटे थांबाचो. तुमी थांबून काहून नाई राह्यले?”

“थांबलो तर पुढचं चुकते, उत्तम.”

“पुढं काय हाये?”

मी कागद बघितला. पुढं एक दीपगृह होतं, दुरून बघायचं.

खरं सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही. शेठचं मला वाईट वाटत नव्हतं, त्यांना फिरायचं होतं, ते फिरत होते. पण काकूंनी एकच गोष्ट मागितली होती आणि ती सात नंबरला लिहून मी तीनदा गमावली होती. उरली होती एक संध्याकाळ. परवा सकाळी परतीचा रस्ता.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला गाडी तयार. शेठ पुढच्या सीटवर बसलेसुद्धा. काकू मात्र घराच्या पायरीवर.

“मी आज गाडीत बसत नाई,” त्या म्हणाल्या.

“काहून?” शेठनी काचेतून विचारलं. “तब्येत बरी नाई का?”

“तब्येत बरी हाये. बसत नाई, बस्स.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. शेठनी माझ्याकडे बघितलं, मी कागदाकडे. सूर्यास्त सोडून आजचे पॉइंट तीन. मी खिशातून पेन काढलं आणि तिन्हींवर काट मारली. डोंगर खचला तर गाडी रद्द करतात, त्यासाठीही मला वर विचारावं लागायचं. इथं वर कुणी नव्हतं. 

“कॅन्सल?” शेठ म्हणाले. “मंग दिवसभर कराचं काय?”

“काही नाही.”

“काई नाई म्हंजे काय कराचं?”

मी कागदाची घडी करून खिशात घातली.

आम्ही उतरलो होतो ते घर किनाऱ्याला लागूनच. घराची मालकीण, सगळे तिला वहिनी म्हणत, स्वतः रांधायची. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सांगितलं, “वहिनी, संध्याकाळचं जेवण सव्वापाचला लागेल. कांदा-लसूण नको, जमिनीखालचं काही नको. आणि सहाच्या आत सगळं आटोपायला हवं, सूर्यास्त आहे.”

“सहाला?” ती विळीवर नारळ खवत होती, ती थांबली. “सहाला कुठला हो सूर्यास्त? या दिवसांत आमच्याकडे सहा वीस तरी होतात. बावीसच धरा.”

“पण तक्त्यात सहा आहे.”

“कुठल्या तक्त्यात?”

मी खोलीत जाऊन तक्ता आणला. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. चष्मा कपाळावर सरकवून वाचली : ‘वरील वेळा कारंजा येथील आहेत.’

मी तिथंच पायरीवर बसलो. चौतीस वर्षं मी लोकांना ओरडून सांगत आलो की बाबांनो, गाडी एक असली तरी तिचा टाइम प्रत्येक स्टँडवर वेगळा असतो. कारंज्याचा टाइम घेऊन मंगरूळच्या स्टँडवर भांडू नका. आणि मी स्वतः कारंज्याच्या सूर्यास्ताचा टाइम घेऊन समुद्रावर उभा राहिलो होतो. सूर्य आधी आमच्याकडे मावळतो, मग तिकडे. मधे वीस-बावीस मिनिटांचा रनिंग टाइम. तो बिचारा रोज आपल्या वेळेवर येत होता. पहिल्या दिवशी मीच त्याच्या आधी गाडी सोडली होती.

मी काकूंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. “म्हंजे त्या दिवशी अजून जरासंक थांबलो असतो त दिसला असता?”

“हो काकू. दहा-बारा मिनिटं.”

“बरं झालं सांगतलं,” त्या म्हणाल्या. त्यांनी चिडायला हवं होतं. मला बरं वाटलं असतं.

दुपार कशी काढली ते आम्हालाच माहीत. उत्तम सुरूच्या सावलीत गाडीची सीट मागं पाडून झोपला. काकू वहिनीजवळ बसून नारळ कसे सोलतात ते बघत होत्या. शेठ आणि मी मात्र पिंजऱ्यातल्यासारखे. ते फाटकापर्यंत जायचे, परत यायचे. मी किनाऱ्यापर्यंत जायचो, परत यायचो. मधे भेटलो की “किती वाजले?” असं विचारायचो. घड्याळ दोघांच्याही हातात होतं.

साडेचारला शेठ म्हणाले, “जरा गावात चक्कर मारून येतो.”

“सव्वापाचच्या आत या.”

“येतो ना.”

सव्वापाच झाले. वहिनीनं तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, दुधीची भाजी, भात असं सगळं मांडलं. शेठ नाहीत. साडेपाच झाले. फोन लावला तर तो खोलीतच वाजला. पावणेसहा.

“काकू, तुम्ही जेवून घ्या.”

“त्याईचं झाल्याबिगर मी कशी बसू?”

“आजच्या दिवस बसा.”

“इतक्या वर्षांत नाई बसली भाऊ.” त्या ताटावर ताट झाकून दाराशी उभ्या होत्या. नजर रस्त्यावर. समुद्र त्यांच्या पाठीमागं होता.

 शेठ आले नाहीत तर ही बाई उपाशी राहणार, आणि सूर्य मावळेपर्यंत रस्त्याकडेच बघत राहणार. चौथी संध्याकाळही गेली असती. मी उत्तमला उठवलं, त्याला एका बाजूला पाठवलं आणि मी दुसऱ्या बाजूला निघालो. चालता चालता पळायला लागलो. साठीच्या माणसानं भर गावातून पळू नये, लोक दारात येतात.

शेठ बाजारात सापडले. कापडाचं एक छोटं दुकान होतं. शेठ गिऱ्हाईकाच्या बाकावर नव्हते, आत गादीवर होते, मांडी घालून. दुकानदार कौतुकानं बाजूला बसलेला. शेठच्या हातात मीटरपट्टी, समोर दोन बायका, आणि ते सांगत होते, “ह्याचा पन्हा कमी हाये ताई, बाही बसनार नाई. तुमी हे दुसरं घ्या.” दसऱ्यानंतर पहिल्यांदा मी त्या माणसाचा चेहरा शांत बघितला.

“शेठ, चला. सहाला पाच कमी आहेत.”

“एवढं दाखवून येतो.”

तेव्हा माझा तोल गेला. डेपोत ड्रायव्हरवर ओरडायचो तसा मी भर दुकानात ओरडलो. “शेठ, काकू उपाशी उभ्या हायेत तिकडे. त्याईले सूर्य बुडताना पाह्यचा हाये. ह्याच्यासाठी आल्या त्या इतक्या दूर. डोळे हायेत तवरच पाह्यचा हाये.”

शेठनी मीटरपट्टी खाली ठेवली.

“मले कधी बोलली नाई ते.”

“तुमी कधी बसले त्याईच्याजवळ त्या टायमाले?”

हे मी बोलायला नको होतं. शेठ गादीवरून उतरले, चपला घातल्या, आणि माझ्यापेक्षा जोरात चालायला लागले. वाटेत उत्तम गाडी घेऊन आला. घराशी उतरलो तेव्हा सहा वाजून सात मिनिटं झाली होती.

शेठनी सवयीनं घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. “सहा होऊन गेले. आता जेवन बंद. माह्यामुळं तू उपाशी राह्यली.”

काकूंनी हात धरून त्यांना घराला वळसा घालून मागं नेलं. समोर समुद्र, आणि त्याच्यावर सूर्य. चांगला वीतभर वर.

“तक्ता घरी राहू द्या,” त्या म्हणाल्या. “त्याच्याकडे पाहा.”

वहिनीनं दोन खुर्च्या आणि एक लाकडी स्टूल वाळूत आणून ठेवलं. काकू वाढायला ताटाकडे वळल्या तसं शेठनी त्यांच्या हातातून पळी काढून घेतली.

“तू पाह्य तिकडे. मी वाढतो.”

शेठनी आयुष्यात पहिल्यांदा वाढलं असावं. पिठलं भातावर पडायचं ते भाकरीवर पडलं. मग स्वतःचंही ताट घेऊन ते शेजारी बसले. काकूंनी ताटाकडे बघितलंच नाही. चाचपडत घास घेत होत्या आणि मान जराशी डावीकडे वळवून उजवा डोळा समोर धरला होता. मी दहा पावलं मागं उभा. माझा उजवा हात सारखा मनगटाकडे जात होता, म्हणून तो मी खिशात घातला.

सूर्याची खालची कड पाण्याला टेकली तेव्हा काकूंनी ताट स्टूलवर ठेवलं. शेठनी पाण्याचा तांब्या दिला. त्या घोट घोट प्यायल्या. अर्धा गेला, पाव उरला, मग नुसती एक लाल रेघ. शेवटचा घोट घेऊन त्यांनी तांब्या वाळूत टेकवला आणि त्याच वेळी ती रेघ गेली.

“गेला,” काकू म्हणाल्या. मग, “केवढा मोठा असते तो.”

त्या रडत होत्या. मलाही रडू आलं, ते लपवण्यात काही अर्थ नाही. उत्तम तेवढा शहाणा, तो समुद्राकडे तोंड करून उभा होता.

शेठ सवयीनं उठले. “चला.”

“कुठी?” काकूंनी विचारलं.

 शेठनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कागदावर सूर्यास्ताच्या ओळीखाली काही लिहिलेलं नव्हतं. ते परत बसले. दोन-तीन मिनिटं त्यांचा पाय हलत होता, मग थांबला. मी आत गेलो, पण खिडकीतून घड्याळ लावलंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत फिरलो. स्मितानं फोनवर विचारलं, “बाबांनी आराम केला का?” मी म्हणालो, “अठरा मिनिटं केला.” तिला वाटलं मी थट्टा करतोय. कारंज्याला आल्यावर शेठनी मुलाला सांगून संध्याकाळचा एक तास दुकानात गादी परत टाकून घेतली. आणि जेवायला ते आता सूर्यास्ताच्या बरेच आधी घरी येतात, असं काकूंकडून कळलं.

माझ्या फाटकावरची पाटी तीच आहे. आखणीत मात्र बदल केला. आता एका दिवसाला एकच पॉइंट लिहितो, त्याच्यापुढं सुटायची वेळ टाकत नाही, आणि तिथला सूर्यास्त तिथल्याच माणसाला विचारतो. गिऱ्हाइकं वाढली की कमी झाली हे मला सांगता येत नाही. मोकळी ओळ बघून माझा हात अजून शिवशिवतो.

त्या पहिल्या संध्याकाळी काकू वेळेवर आल्या होत्या. सूर्यही वेळेवर होता. गाडी मी आधी सोडली. बिफोर टाइम सुटलेल्या गाड्यांचे नोकरीत मी किती रिपोर्ट केले ते आठवत नाही. स्वतःचा एक करायचा राहिला होता, तो हा.